सहा नद्यांपलीकडे

नातवंडाला घेऊन प्रवासाला निघालेला आजोबा हा एकाच वेळी हमाल, खजिनदार आणि शाळामास्तर असतो. यांपैकी मास्तरकी मी इंदुरात जन्मभर केली आहे. राहिलेल्या दोन हुद्द्यांचा अनुभव मला गेल्या पौषात, नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही दोघे कोल्हारला गेलो तेव्हा आला.

कोल्हार हे आमच्या मंडळींचे माहेर. नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी, भगवती देवीचे गाव. माझ्या सासऱ्यांनी थोरल्या मुलीला गावातल्या गावात दिली आणि सर्वांत धाकटीला थेट नर्मदेपार. दोघी बहिणींत सोळा वर्षांचे अंतर. आई लवकर गेल्यामुळे धाकटीची वेणीफणी थोरलीनेच केली. तेव्हा अक्का ही नावाला बहीण, एरवी आईच.

आता खरे सांगायचे तर गेल्या दहा-अकरा वर्षांत आम्ही कोल्हारला गेलो नव्हतो. मेहुणे वारले, आणि वर्षभरात त्यांच्या मुलाने दोन्ही आत्यांना निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा देणारी दुरुस्ती २००५ सालीच झाली होती. पण कायदा दिल्लीला होतो आणि सही गावात करावी लागते. आमच्या मंडळींनी चकार शब्द न काढता सही केली. भाच्याने साडीचोळी केली. ती साडी अजून घडी न मोडता ट्रंकेत आहे. भांडण म्हणाल तर नाही. पण त्यानंतर दरवर्षी पौष आला की तिला काही ना काही काम निघे.

या वर्षी मार्गशीर्षात अक्कांचा फोन आला. "बाळे, मला आता दिसंना गं नीट. एका डोळ्यात थोडी धुगधुगी हाय. तुझी नात किती मोठी झाली ती आणून दाखव. नंतर आणशील तर मला तिचा नुसता आवाजच ऐकू यायचा."

बासष्ट वर्षांच्या बाईला कोणी 'बाळे' म्हणावे याचे नातीला फार हसू आले. आजीला आले नाही. तिने त्याच दिवशी पिशवी काढली. मात्र मला बजावले, "अक्काकडे उतरायचे, देवीचे दर्शन घ्यायचे आणि परत. मळ्यात जायचे नाही."

इंदूर ते कोल्हार हा साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता. रात्रीच्या गाडीने झोपेत काढावा, असा शहाण्यांचा सल्ला होता. पण झोपलेल्या मुलाला गावाला नेले तर ते गावाला पोचते, त्याला वाट काही कळत नाही. म्हणून आम्ही पहाटेची बस धरली. नातीला एक वही दिली आणि काम लावले: पूल आला की नदीचे नाव विचारून लिहायचे.

पहिली नदी खलघाटची नर्मदा. "ही तर आपल्या नळाला येते ती!" असे म्हणून बाईसाहेबांनी तिला ओळखीचा हात केला. आजीने खिडकीतून नाणे टाकले. पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरलो. शिरपूरच्या अलीकडे-पलीकडे भाषा बदलू लागली. पाट्यांवरची हिंदी गळून मराठी आली, आणि नात मोठ्याने ती वाचू लागली. आमची इंदुरी मराठी म्हणजे निम्मी हिंदीची उसनवारी. 'भूख लागली', 'गाडी चालू झाली की नाही' असे तिचे चालते. पण तापीच्या पुलावर वहीत 'तापी' मात्र तिने शुद्ध लिहिले.

धुळ्याला पांझरा ओलांडून आम्ही महाराष्ट्राच्या एस. टी.त बसलो. तेथे माझी मानहानी झाली. बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट हे मला ठाऊक होते. पण २०२३ सालापासून राज्याच्या हद्दीत सर्व बायकांनाही अर्धेच तिकीट आहे. माझे वय चौसष्ट, म्हणजे ज्येष्ठांच्या सवलतीलाही अजून अवकाश. नातीने हिशेब केला आणि जाहीर केले, "आजोबा, मी अर्धी, आजी अर्धी, म्हणजे आम्ही दोघी मिळून तुमच्याएवढ्या!" सारी गाडी हसली. या हिशेबात चूक काढण्याचा मी फार प्रयत्न केला.

मालेगावापाशी गिरणा झाली आणि मनमाडच्या बाजूला डोंगर दिसू लागले. सातमाळ्याची ही रांग. अंकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले येथे शेजाशेजारी बसलेले आहेत. येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी तिला सांगितले, आतापर्यंत पाहिलेल्या नद्या पश्चिमेच्या समुद्राकडे जाणाऱ्या. पांझरा आणि गिरणा तापीला मिळतात, तापी आणि नर्मदा अरबी समुद्राला. या डोंगरापलीकडचे पाणी गोदावरीत जाते आणि गोदावरी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे.

ती बराच वेळ वहीत पाहत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचे पाणी आजीच्या गावाला कधीच जात नाही?"

"नाही."

"मग तिकडे काय जाते?"

"माणसे जातात, दुसरे काय?" मी म्हटले. मंडळींनी खिडकीबाहेर तोंड केले.

येवल्याला तात्या टोप्यांचे गाव म्हणून दाखवले. तिला पैठणीची दुकाने अधिक आवडली. कोपरगावला गोदावरी लागली. राघोबादादांचा अखेरचा काळ याच गावात गेला आणि १७८३ साली ते येथेच वारले, हे सांगेपर्यंत पूल संपला. शिर्डीत गाडी निम्मी रिकामी झाली, राहात्यात पेरूच्या पाट्या खिडकीला लागल्या, आणि बाभळेश्वर मागे पडले तेव्हा मंडळी सावरून बसल्या, पदर नीट केला आणि काही कारण नसताना माझ्यावर रागावल्या. माहेर जवळ आल्याची ही खूण चाळीस वर्षांत बदललेली नाही.

जाता जाता एक सांगून ठेवतो. याच जिल्ह्यातल्या चौंडी गावात १७२५ साली जन्मलेली एक मुलगी होळकरांची सून होऊन माळव्यात आली आणि महेश्वरी बसून तिने राज्य केले. त्या अहिल्यादेवींचे नाव २०२४ साली जिल्ह्याला मिळाले. नातीने विचारले, "आजीपण इथून इंदूरला आली. मग तिचे नाव कशाला दिले?" मी म्हटले, "आपल्या घराला देऊ." घराला नाव माझ्या वडिलांचे आहे, हे आजीने शांतपणे निदर्शनास आणले.

कोल्हारला उतरलो ते उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत. हा सारा मुलूख प्रवरेच्या पाटांनी ओला केलेला. उगमाकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली तो सुरू झाला. उसाने इकडे पक्की घरे दिली, शाळा-कॉलेजे दिली. आणि ज्या जमिनीला पूर्वी कोणी विचारीत नव्हते, तिच्यासाठी बहीणभावांना कचेरीत नेऊन बसवले, तेही उसानेच.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. पावलांवरूनच त्यांनी ओळखले. "आली का माझी बाय?" म्हणून धाकटीला जवळ घेतले, आणि मला "मास्तर, वाळलात," म्हणाल्या. न दिसणाऱ्या माणसाचे हे निदान मी मुकाट्याने मान्य केले. मग त्यांनी नातीला पुढ्यात ओढले. उजेडाकडे तोंड करून तिचे तोंड अगदी डोळ्याशी नेले, कपाळावरून, नाकावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "नाक आमच्या आईचं हाय." ती आई कोणी पाहिली नव्हती, तिचा फोटोही नाही. बासष्ट वर्षांच्या लेकीला आपल्या आईचे नाक कसे होते ते त्या दिवशी नातीच्या तोंडावर पाहायला मिळाले.

दुसऱ्या दिवशी पौष पौर्णिमा, देवीची यात्रा. साडेतीन शक्तिपीठांचे दर्शन येथे एका ठिकाणी घडते अशी भाविकांची श्रद्धा. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि वणी एवढी वणवण ज्यांना झेपत नाही त्यांची सोय. रेवड्या, गोडीशेव, पाळणे, बांगड्यांची दुकाने. नातीचा एक हात अक्कांच्या हातात आणि दुसरा आजीच्या. कोण कोणाला नेत होते ते सांगता येणार नाही. दर्शनानंतर पुलावर गेलो. अलीकडे कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता, पलीकडे कोल्हार खुर्द, तालुका राहुरी, मधून प्रवरा. वहीतली सहावी नदी. हिला अमृतवाहिनी म्हणतात. मोहिनीने अमृत वाटले ते खालच्या अंगाला नेवाशाला, आणि चोरून प्यायलेल्या राहूचे शिर पडले ते राहुरीला, अशी इकडची कथा. "त्याला पण वाटा हवा होता ना?" नातीने विचारले. उत्तर कोणीच दिले नाही.

संध्याकाळी भाचा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "कधी आलात मामा?" एवढेच मला म्हणाला, आत्याकडे पाहायचे टाळत होता. केस पांढरे झाले होते त्याचे. नातीचे लक्ष बाहेरच्या ट्रॅक्टरवर. "दादा, मला बसवाल?"

"आजीला विचार," तो म्हणाला.

मंडळी भाकरी थापत होत्या. थापणे थांबले. अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पोरीला काय ठावं त्यातलं?"

"अंधार पडायच्या आत आण," असे आधी आले. मग हात धुऊन ती उठली. "थांब. पोरीला एकटी कशी धाडू? मीही येते."

ट्रॅक्टरवर नात, भाचा आणि आत्या. मागे मोटरसायकलवरून मी. मळ्यात तिने ऊस पाहिला नाही, नवे घर पाहिले नाही. सरळ विहिरीवर गेली. वडिलांनी खणलेली, दगडी पायऱ्यांची. लहानपणी अक्का हिला कमरेला दोर बांधून येथे पोहायला शिकवीत. नात कठड्याला ओणवून म्हणाली, "आजी, हे शेत कोणाचे?"

भाचा खाली पाहून म्हणाला, "आपलंच हाय की."

आत्याने त्याच्याकडे पाहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "आपले आहे तर पोरीला पाणी काढून दे. प्यायल्याशिवाय जायचे नाही इथून," ती म्हणाली. त्याने स्वतः दोर सोडला. मग तिनेही ओंजळ धरली.

सारे काही मिटले असे मी म्हणत नाही. परतीच्या गाडीत मंडळी मला म्हणाल्या, "कागद करून घेतल्यावर 'आपलंच' म्हणायला काही खर्च येत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण न म्हणता तरी काय केले असते मी?" पायाशी भाच्याने दिलेली हुरड्याची पिशवी होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने वर घेतली.

निघताना अक्कांनी नातीला सांगितले होते, "मी नसले तरी येत जा." नातीने विचारले होते, "तुम्ही नसाल तर कोणाकडे?" त्यावर अक्का एवढेच म्हणाल्या, "वाट माहीत पाहिजे. घर सापडतं."

नर्मदा ओलांडली तेव्हा नात झोपली होती. मी तिची वही उघडली. ओळीने सहा नद्या लिहिल्या होत्या: नर्मदा, तापी, पांझरा, गिरणा, गोदावरी, प्रवरा. आणि सातव्या आकड्यापुढे, 'आजीची विहीर'.

नद्यांच्या यादीत विहीर लिहू नये, असे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले असते. लाल पेन खिशात होते. ते खिशातच राहू दिले.