आडवं राहायचं कसं

मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. पर्ससीनच्या जाळ्याच्या एका काठाला फ्लोटांची माळ, दुसऱ्याला शिसं. पाण्यात पडलं की वरचा काठ तरंगतो, खालचा बुडतो आणि जाळं उभं राहतं. उभं राहणं हेच त्याचं काम.

स्कूबाचं स्वतःचं सामान घ्यायचं ठरलं, तेव्हा मला हे जाळंच आठवत राहिलं. नवखा डायव्हरही पाण्यात असाच उभा असतो. तरंगण्यासाठी फुगवायच्या जॅकेटातली हवा छातीशी, शिशाचा पट्टा कमरेला. पाय खाली लोंबतात, फिन मारली की गाळ उसळतो. आपल्या किनाऱ्याला पाणी आधीच गढूळ. मागून येणाऱ्याला मग काय दिसणार? मालवणात हौसेने उतरणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक धरून नेतो, तेव्हा ही काळजी त्याची असते. सामान आपलं झालं की आपली.

किती किलो शिसं लागेल, हे सगळेच विचारतात. ते बांधायचं कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यातलं थोडं कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर, खांद्यांच्या बाजूला सरकवलं की पाय आपसूक वर येतात. जड रबरी फिन त्यांना पुन्हा खाली ओढतात. पाठीवर फुगणारी विंग पाण्याखाली अंग छान आडवं ठेवते. वर आल्यावर जास्त फुगवली तर तोंडावर पाडू बघते. मला हा सौदा मान्य आहे.

जेटीवरच्या लिलावात घोळ मासा आला की गर्दी होते, ती त्याच्या भोतासाठी. परदेशात जाणारी ही वायूची पिशवी माशापेक्षा भाव खाते. ती कण्याखाली, अंगाच्या लांबीत बसलेली असते आणि तिच्यावर मासा हवा तिथे तोलून राहतो. शेजारी पडलेल्या मोरीला, म्हणजे शार्कला, भोत नाहीच. तेलकट यकृत आणि पंख यांवर तिचं भागतं. आपल्याला बारीक तोल साधायला फुफ्फुसं आहेत. अर्धा लिटर हवा जास्त घेतली की अर्ध्या किलोचा उठाव मिळतो. पण शिसं जास्त बांधलं, तर ते पेलायला जॅकेटात हवा जास्त भरावी लागते. ती खोलीनुसार आकसते-फुगते आणि श्वासाचं काही चालेनासं होतं.

सिलिंडरमधली हवासुद्धा वजनदार असते. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरात ती साधारण अडीच किलो भरते. ती संपत आली की सिलिंडरच तरंगायला लागतं. म्हणून शिशाचा अंदाज सिलिंडर जवळजवळ रिकामं असताना घ्यायचा.

पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा ही तालीम पोहण्याच्या तलावात करता येते. फक्त खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं. सामानासकट शंभर किलो भरणाऱ्याला तलावात जमलेलं शिसं समुद्रात अडीचेक किलोने कमी पडतं.