परसांतील भाजी आणि माळावरचा ससा

ससा म्हटला, कीं मुलांच्या डोळ्यांपुढें सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लावणारा पंचतंत्रांतील तो चतुर प्राणी उभा राहतो, आणि वडील मंडळींना चंद्राचें ‘शशांक’ हें नांव आठवतें. परंतु ज्यांच्या परसाला लागून मोकळा माळ आहे आणि ज्यांनीं दिवाळीनंतर कोबीचीं रोपें लावलीं आहेत, त्यांचें सशाविषयींचें मत याहून निराळें असतें. पाऊस सरून माळावरचें गवत वाळलें, कीं साऱ्या टापूंत हिरवें असें काय तें आपल्या पाटाच्या पाण्यावरचे वाफे. तिकडे सशाची दृष्टि न वळेल तरच नवल.

प्रथम चोर ओळखला पाहिजे. अशा नुकसानीचा आळ बहुधा शेजारच्या शेळीवर येतो, आणि त्यावरून दोन घरांचें बोलणें बंद झालेलें आम्हीं पाहिलें आहे. शेळीला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. ती पाला ओढून तोडते, म्हणून देठाचें टोंक फाटलेलें दिसतें. सशाचे पटाशीचे दांत वर आणि खालीं दोन्हीकडे असतात. वरच्या जबड्यांत तर मोठ्या दोन दांतांच्या मागें आणखी लहान दोन. त्यामुळें देठ विळीवर तिरपें चिरल्यासारखें स्वच्छ कापलेलें आढळतें. तें तसें दिसल्यास शेळीची निर्दोष मुक्तता करावी.

आमच्याकडील हा ससा पिंजऱ्यांतील पांढऱ्या सशाहून वेगळा. तो पांढरा मूळचा युरोपांतील, बिळें खणणारा. त्याचीं पिल्लें जन्मतः आंधळीं आणि उघडीं असतात. माळावरचा ससा बीळ खणीत नाहीं. गवतांत अंगापुरता खळगा करून दिवसभर पडून राहतो, आणि त्याचें पिल्लूं उघड्या डोळ्यांनीं, अंगभर केस घेऊनच जन्मतें. ही माहिती केवळ ज्ञानासाठीं नव्हे. तिच्यावर कुंपणाचा खर्च अवलंबून आहे. परदेशी पुस्तकांत जाळी वीतभर जमिनींत पुरावी असें सांगितलेलें असतें, कारण तिकडचा ससा खालून उकरून येतो. त्या जातीचा पराक्रम ऑस्ट्रेलियानें पाहिला आहे. १८५९ सालीं एका जमीनदारानें शिकारीच्या हौसेनें थोडेसे ससे तेथें सोडले. त्यांची प्रजा इतकी वाढली, कीं १९०१ ते १९०७ या काळांत पश्चिम ऑस्ट्रेलियांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचें कुंपण घालावें लागलें. आणि तें पुरें होण्यापूर्वींच ससे पलीकडे पोंचलेले होते!

आमच्या घरचा प्रश्न एवढा मोठा नव्हता, पण आम्हांस तो लहानही वाटला नाहीं. परसांतील वाफे आमच्या आजींचे. दृष्टि मंदावल्यापासून वाचन सुटलें, स्वयंपाकघर सुनांकडे गेलें. कोणाचा हात न धरतां करण्याजोगें हें एकच काम त्यांच्याकडे उरलें होतें. तिसऱ्यांदा वाफा उजाड झाला, तेव्हां त्या सकाळीं परसांत आल्याच नाहींत. बोलल्या कांहीं नाहींत, म्हणूनच आम्हांस अधिक लागलें.

मग ज्याच्या त्याच्या तोंडीं उपाय. कोणी मिरचीचें पाणी शिंपडलें, कोणी न्हाव्याकडून केस आणून पसरले. असल्या वासांनीं ससा दोनचार रात्री बिचकतो आणि पुढें सरावतो. एका दुकानदारानें विष सुचविलें. ज्या वाफ्यांत घरचीं मुलें हात घालतात तेथें विष, ही कल्पनाच आम्हांस असह्य झाली. धाकट्या काकांनीं फास लावण्याचें मनावर घेतलें. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि फास लावणें हेंही शिकारींतच मोडतें. पण कायद्याचें पुस्तक काढण्याची वेळच आली नाहीं. आजी आंतून म्हणाल्या, “माझ्या मेथीसाठीं जीव घ्यायचा असेल, तर मेथी बाजारांतून आणा.”

राहिली जाळी. बोटभर भोकांची, कमरेएवढी उंच जाळी चारही बाजूंनीं ताठ ओढून बसविली. आमचा ससा उकरणारा नसला तरी सैल कडेखालून अंग घालतो, म्हणून खालची कड दगडांनीं दाबली. फाटकाखालची फट फळी ठोकून बुजविली. बहुतेक कुंपणें तेथेंच फसतात. लगतचें उंच गवत कापलें, म्हणजे त्याला दिवसा दडावयास जागा नको. नव्या रोपांवर पहिले पंधरा दिवस रात्रीं टोपल्या पालथ्या घालून वर दगड ठेवले. कांदा-लसणाला त्यानें आमच्याकडे कधीं तोंड लावलें नाहीं, म्हणून ते वाफे जाळीबाहेरच राहूं दिले. तेवढीच जाळी कमी लागली.

यंदा कोबी धरला आहे. आजी पुन्हां पहांटेच परसांत दिसतात. कोबीचीं बाहेरचीं जाड पानें त्या जाळीवरून पलीकडे टाकतात, आणि रात्रींतून तीं नाहींशीं होतात. थोरल्या वहिनी म्हणतात, अशानें तो अधिकच सोकावेल. आजी म्हणतात, पोट भरलें तर आंत कशाला येईल? घरांत या बाबतींत दोन पक्ष पडले आहेत, आणि आम्ही तूर्त कोणत्याच पक्षांत गेलेलों नाहीं.