स्पर्शाचे क्षेत्रफळ

घर्षणाचे जे दोन नियम शालेय पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या बिनतक्रार चालत आले आहेत, त्यांपैकी पहिला, म्हणजे घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते हा, विद्यार्थ्याला तत्काळ पटतो. दुसरा मात्र, म्हणजे एकमेकांना टेकलेल्या पृष्ठभागांच्या क्षेत्रफळाशी घर्षणाचा काही संबंध नसतो हा, पाठ होतो पण पटत नाही, आणि माझी सारी हयात याच विषयाच्या अध्ययन-अध्यापनात गेली असल्यामुळे मी खात्रीपूर्वक सांगतो की ज्याला तो पटत नाही त्याची बुद्धी योग्य वाटेनेच चाललेली असते. प्रयोगशाळेत लाकडी फळीचे एक टोक हळूहळू उचलत न्यावे, तिच्यावर विटेच्या घडणीचा ठोकळा आधी रुंद अंगावर आणि मग अरुंद अंगावर ठेवावा, आणि तो कोणत्या कोनाला घसरू लागतो हे दोन्ही वेळा मोजावे. कोन बहुधा 15 ते 25 अंशांच्या दरम्यान कुठेतरी येतो, आणि दोन्ही वेळा जवळजवळ तोच येतो. चौकस विद्यार्थी असला की ठोकळा पुन्हा उलटतो, फळी पुसून घेतो, कोनमापक तपासतो, आणि अखेर टेकणारा भाग निम्म्याने कमी झाला तरी पकड का कमी होत नाही, असे विचारतो.

हाच प्रश्न पॅरिसच्या विज्ञान अकादमीलाही पडला होता. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे दोन्ही नियम आपल्या टिपणवह्यांत नोंदवून ठेवले होते, पण त्या वह्या अप्रकाशित राहिल्या. 1699 साली गियोम आमोंताँ याने तेच नियम अकादमीपुढे स्वतंत्रपणे मांडले तेव्हा क्षेत्रफळाविषयीचे विधान सभासदांना इतके चमत्कारिक वाटले की फिलिप द ला हीर याने फेरप्रयोग करून निर्वाळा दिल्यावरच ते मान्य झाले. पुढे शार्ल कूलोम या लष्करी अभियंत्याने रोशफोरच्या जहाजगोदीत ओकच्या तुळया, धातू आणि चरबीचे वंगण यांच्यावर विस्तृत प्रयोग केले, आणि 1781 साली अकादमीचे पारितोषिक मिळविले. कारणाविषयी त्याची समजूत अशी होती की पृष्ठभागांवरील उंचसखल कंगोरे एकमेकांत अडकतात आणि वस्तू ओढताना त्यांवरून चढवावी लागते. या समजुतीवर जॉन लेस्ली याने 1804 साली घेतलेली हरकत मला अत्यंत मार्मिक वाटते: चढताना जी शक्ती खर्ची पडते ती उतरताना परत मिळायला हवी, मग घर्षणात ती कायमची जाते कुठे? उष्णतेत जाते, हे रम्फर्डने म्युनिकच्या तोफखान्यात 1798 सालीच दाखविले होते. परंतु कोणत्या वाटेने जाते, याचा उलगडा व्हायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे लागली.

तो उलगडा केंब्रिजच्या फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी केला, आणि माझ्या मते एवढा साधा व एवढा दूरगामी विचार आमच्या शास्त्रात दुसरा नाही. 10 सेंटिमीटर बाजूचा मऊ पोलादाचा घन त्याच पोलादाच्या सपाट पाटावर ठेवला, तर डोळ्यांना त्यांचा स्पर्श 100 चौरस सेंटिमीटरांचा दिसतो. परंतु उत्तम घोटलेल्या पृष्ठभागावरही सूक्ष्म उंचवटे असतात, आणि वरचा घन आरंभी त्यांच्या मोजक्या शिखरांवरच टेकतो. एवढ्याशा जागी सारा भार एकवटल्यामुळे ती शिखरे दबतात, पसरतात, आणि भार पेलण्यापुरते क्षेत्र झाले की थांबतात. घनाचे वजन सुमारे 7.85 किलोग्रॅम, आणि असे पोलाद दर चौरस मिलिमीटरला 120 किलोग्रॅमच्या आसपास भार पेलते. भागाकार केला तर खरा स्पर्श चौरस मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्याएवढाच, म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्राच्या दीड लाखाव्या भागाएवढा निघतो. ठोकळा कोणत्याही अंगावर ठेवा, भार तोच असल्यामुळे हा खरा स्पर्शही तेवढाच राहतो. भार दुप्पट केला तर तो दुप्पट होतो. या ठिकाणी दोन्ही बाजूंचे अणू एकमेकांना धरून बसतात, ओढताना ते सांधे तुटतात, नवे जुळतात, आणि या तोडजोडीत खर्ची पडलेली शक्ती अणूंच्या कंपनांच्या रूपाने उष्णता होऊन पसरते. तेव्हा क्षेत्रफळावर घर्षण अवलंबून नसते असे म्हणण्यापेक्षा, ते ज्या क्षेत्रफळावर अवलंबून असते ते आपल्याला दिसत नाही, असे म्हणणे अधिक रास्त होय. विद्यार्थ्याची शंका खरी ठरते ती अशी. धातूंवर हवेतील प्राणवायूमुळे जो पातळ थर चढतो तो निर्वात जागेत खरवडून काढला, तर हे सांधे इतके बळकट होतात की दोन तुकडे एकजीव होऊन बसतात. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी, ही सार्वत्रिक समजूत म्हणूनच टाकून द्यावी लागते.

कूलोमच्या कागदपत्रांत आणखी एक नोंद होती, जिच्याकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही: लाकूड लाकडावर जितका वेळ विसावेल तितके ते हलविण्यास अधिक जोर लागतो. जेम्स डीटरिक याने 1972 साली खडकांविषयी हेच प्रसिद्ध केले. विसाव्याचा काळ दहापट झाला की स्थितिक घर्षण एका ठरावीक अल्प मात्रेने वाढते, मग तो काळ 1 सेकंदावरून 10 सेकंदांवर गेलेला असो की 10 तासांवरून 100 तासांवर. कारण दबलेली शिखरे भाराखाली मंदगतीने पसरतच राहतात आणि खरा स्पर्श वाढत जातो.

खडकांचा उल्लेख झाला की महाराष्ट्रातील माणसाला कोयना आठवणे अपरिहार्य आहे. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय 1962 पासून भरू लागला आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात रिश्टर मापावर 6.3 चा भूकंप झाला. भूकवचातील जुन्या भेगेच्या दोन्ही अंगांना घर्षणच धरून ठेवते, आणि जेम्स बायरली याने 1978 साली दाखविल्याप्रमाणे खडक बहुतेक कोणताही असला तरी त्याचा घर्षणगुणांक, म्हणजे घर्षणाचे दाबाशी असलेले गुणोत्तर, 0.6 ते 0.85 च्या आसपास असतो. भेगेत पाणी शिरून त्याचा दाब वाढला की वरच्या भाराचा काही हिस्सा ते पाणीच उचलते, खडकावर खडकाचा दाब तेवढा हलका होतो, आणि घर्षण उरलेल्या दाबापुरतेच राहते. हिशेब पाहावा: 100 मीटर पाण्याचा दाब सुमारे 10 वातावरणांइतका, तर पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचा दाब त्याच्या शंभरपटीहूनही अधिक. एवढ्याशा सवलतीने भेग सरकायची तर ती मुळातच सरकण्याच्या बेतात असली पाहिजे. सबब तो ताण भूगर्भाने पूर्वीच साठविलेला होता आणि जलाशयाने त्याची अडवणूक थोडी ढिली केली, असे म्हणणे मला न्याय्य वाटते. जलाशय दर पावसाळ्यात भरतो, पुढे उतरतो, आणि त्या प्रदेशात लहानमोठे धक्के आजतागायत चालू आहेत.

म्हणूनच कराडनजीकच्या संशोधन केंद्रातर्फे तेथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन बेसाल्टच्या थराखालचा ग्रॅनाइटी खडक हाती घेतला गेला, हे काम मला फार मोलाचे वाटते. बाउडन आणि टेबर यांनी कारण दाखविले असले, तरी एखाद्या जोडीचा घर्षणगुणांक निव्वळ सूत्रातून काढण्याची सोय अद्याप झालेली नाही. नमुना आणावा लागतो, त्या खोलीच्या दाबाखाली ओल्या खडकावर ओला खडक घासून पाहावा लागतो, आणि मिळालेल्या आकड्याशेजारी तो नमुना किती वेळ स्थिर होता याची नोंद करावी लागते.