चौथ्या सीटवरून खुर्चीत

डोंबिवलीच्या वन-बीएचकेत ऑफिस थाटायचं, तर खुर्ची धड हवी. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एक मनात भरली. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये ताणून बसवलेली पाठ, आडव्या शिवणी, काळं लेदर. लेदर कसलं, रेक्झीनच! मूळ घडण अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांची, १९५८ची. त्याच वर्षी या जोडप्याने भारत सरकारला डिझाइनविषयी एक अहवाल दिला. त्यात त्यांनी तोंडभरून कौतुक केलं ते आपल्या पाण्याच्या तांब्याचं. त्या अहवालातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. राहिला रेक्झीनचा प्रश्न, तर इथल्या पावसाळ्यात अस्सल चामड्याला बुरशी लागते, रेक्झीनचे पापुद्रे सुटतात. म्हणजे दोन्हींची तऱ्हा एकच. पण लोकलमध्ये ठाण्यापर्यंत चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जाणाऱ्याला अख्खी पाठ टेकायला मिळणं हीच चैन. घासाघीस केली आणि घेऊन टाकली.