न्याय देवाचा, निवाडा करणारे आपण कोण?

तान्हं मूल दगावलं, कर्ता माणूस अचानक गेला, जनावर आटलं, की सातपुड्याच्या पायथ्याशी विचारलं जातं, "हे कोणी केलं?" ख्रिस्ती घरात याच प्रश्नाला आणखी एक जोड मिळते: "कोणत्या पापाची ही शिक्षा?" मी बायबलचं धर्मशास्त्र शिकवतो. अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं खापर गाव आणि त्याभोवतीचे पाडे, इथल्या भाविकांशी बोलताना हे दोन्ही प्रश्न ऐकतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपण चुकीचं दिलं, तर पहिल्याला बळ मिळतं.

पाप केलं की शाप, आज्ञा पाळली की आशीर्वाद, हा हिशेब बायबलमध्ये आहेच. अनुवादाचा 28वा अध्याय त्यावरच उभा आहे. पण त्याच ग्रंथात ईयोबही आहे. सात मुलगे, तीन मुली, गुरंढोरं, शरीराचं आरोग्य, सारं गमावलेला हा नीतिमान माणूस. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र अध्यायांमागून अध्याय त्याला पटवू पाहतात, की तुझ्या हातून काहीतरी घडलंच असणार. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, कारण ते देवाविषयी खरं बोलले नव्हते. दुसऱ्याच्या दुःखातून त्याचं पाप शोधणं हे देवाची बाजू घेणं नव्हे, हे इथे इतकं स्पष्ट आहे. यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलाच्या माथ्यावर नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हे येशूने साफ नाकारलं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी "पाप कोणाचं?" असं विचारलं, तेव्हाही त्याने आरोपाला जागा ठेवली नाही.

हे नंदुरबार जिल्ह्यात ठासून सांगायला हवं, कारण इथे दोषी शोधण्याची किंमत बाईला मोजावी लागते. भगताने नाव घेतलं की ती 'डाकीण' ठरते. मग मारहाण, बहिष्कार, कधी जीवही जातो. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, कधी तिच्या नावावरच्या जमिनीवर कुणाचा डोळा असतो. अमुक माणूस करणी करतो, रोगराई पसरवतो, जनावरांचं दूध आटवतो, असं म्हणून त्याचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भगताऐवजी एखाद्या प्रार्थनासभेत तेच नाव उच्चारलं गेलं, तर पाप तेवढंच आणि गुन्हाही तोच.

मग देव अन्यायाचा हिशेब घेत नाही का? घेतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात पौल सूड देवावर सोपवायला सांगतो, आणि लगेच भुकेल्या शत्रूला जेवू घालायलाही. 13व्या अध्यायात गुन्ह्याला शासन करण्याचं काम तो राज्यसत्तेकडे देतो. म्हणून क्षमा आणि कायदा एकमेकांच्या आड येत नाहीत. 22-23 जानेवारी 1999च्या मध्यरात्री ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला न्यायालयात चालला, आणि त्या काही काळ ओडिशातच कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या.

नरक किती काळाचा, क्रुसावर नेमकं काय फेडलं गेलं, यावर ओरिजेन, ऑगस्टीन, अन्सेल्म यांच्यापासून मतभेद आहेत, आणि ते मी वर्गात शिकवतोही. पण मत्तयाच्या 25व्या अध्यायातल्या अंतिम न्यायाचे प्रश्न कुठल्याही पाड्यावर कळतील: भुकेल्याला अन्न दिलंस का, तहानलेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला वस्त्र? आजाऱ्याकडे, कैद्याकडे गेलास का? शेजाऱ्याचं पाप किती शोधलंस, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

म्हणून माझं पाळकांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगणं आहे: आजारी मुलाला आधी दवाखान्यात न्या, प्रार्थना सोबत चालू द्या. मरण आलं तर त्या घरी बसा, कारण शोधू नका. आणि गाव एखाद्या बाईकडे बोट दाखवू लागलं, तर पोलिसांना कळवा आणि तिच्या दारात उभे राहा. देवाच्या न्यायावर विश्वास आहे म्हणणाऱ्याची जागा तीच आहे.