रजेच्या ईमेलमधलं इंग्रजी

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत दिवसभर मराठी बोलणारा माणूसही रजा टाकताना ईमेल इंग्रजीत लिहितो. असे ईमेल मी सतत वाचतो, आणि ‘कळलं ना, मग झालं’ हे त्यांतल्या चुकांवरचं नेहमीचं उत्तर मला अर्धंच पटतं. ‘टुडे इज हॉलिडे’ या वाक्यात ‘अ’ गाळला म्हणून कुणाचं अडत नाही. पण काही वाक्यं वरून निर्दोष दिसतात आणि भलताच अर्थ पोचवतात. ‘आय ॲम ऑन हॉलिडे’ हे त्यांतलंच. आईला दवाखान्यात दाखल करून तिच्या उशाशी बसलेल्या माणसाने लंडनच्या सहकाऱ्याला हे पाठवलं, तर तिकडून ‘मजा कर’ असं उत्तर येऊ शकतं, कारण ब्रिटिश वाचकाला त्यात विश्रांती, भटकंती दिसते. अमेरिकी माणूस त्यासाठी व्हेकेशन म्हणतो. त्याच्या लेखी हॉलिडे म्हणजे मुख्यतः सणाची किंवा सरकारी सुट्टी. आपल्याकडेही १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली सरकार जाहीर करतं तो पब्लिक हॉलिडे आणि अर्ज करून मिळते ती लीव्ह. रजा आणि सुट्टी हा भेद मराठीतही आहे, पण बोलताना आपण दोन्हींना सर्रास सुट्टीच म्हणतो आणि तीच सवय इंग्रजीत उतरते. दवाखान्यातून लिहिताना ‘ऑन लीव्ह’ पुरेसं आहे. कारण सांगायचं की नाही, हे मग आपल्या हातात राहतं.

याहून मोठा घोटाळा करतो तो ‘टिल’. ‘ऑन लीव्ह टिल १२ मे’ असं वाचल्यावर १२ तारखेची मीटिंग ठेवायची की नाही? लिहिणाऱ्याच्या मनात ‘१२ पर्यंत’ असतं, म्हणजे तो दिवसही रजेचाच. वाचणारा मात्र १२ला माणूस हजर होईल असंही धरू शकतो.

यावर कुणी म्हणेल, भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, लंडनचे नियम आपण का पाळावेत? बोलीचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’ बाहेरच्यांच्या कानाला खटकेल, पण इथल्या कुणाचाही गैरसमज होत नाही; ते खुशाल लिहावं. ‘टिल’चा घोटाळा मात्र नागपूरहून ठाण्याला लिहितानाही होतो, तिथे लंडनचा संबंधच नाही.

हल्ली आणखी एक आक्षेप येतो, की व्याकरण आता कॉम्प्युटरच सुधारून देतो. देतो खरा, पण ‘ऑन हॉलिडे’ आणि ‘टिल १२ मे’ या दोन्हींत त्याला सुधारायला काही सापडत नाही. तुम्ही दवाखान्यात आहात की महाबळेश्वरला, किंवा १२ तारीख रजेत धरली आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार? म्हणून शेवटच्या तारखेऐवजी कामावर परतण्याची तारीखच लिहावी, असा माझा आग्रह आहे: ‘बॅक ॲट वर्क ऑन १३ मे’.