कपाळावरचा काटा

भिलाईच्या स्मृति नगरात आमच्या गल्लीत शिरलात की पेरूखाली एक काळी बुलेट उभी दिसेल. नव्वदच्या दशकातली आहे. साडेतीनशे सीसी, बारा व्होल्टची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. दुसऱ्या गाडीची सवय घेऊन तिच्यावर बसाल तर पहिल्याच वळणावर ब्रेक समजून गिअर दाबाल. ती आपली पद्धत कुणासाठी बदलत नाही.

घराणं जुनं. मद्रासला बुलेट बनू लागली 1955 साली, आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला तोही त्याच वर्षी. दोघं एका वयाचे. या गावात तिला परकं वाटत नाही ते त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

तिचा स्वभाव वाचायचा तो कपाळावर. हेडलाइटच्या वर छोटा ॲमीटर आहे, मध्ये शून्य, एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे. सुरू करायची तर आधी त्या काट्याची मर्जी बघायची. किल्ली फिरवली की काटा उण्याकडे कलतो, म्हणजे इग्निशनचे पॉइंट मिटलेले आहेत. सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक हळूहळू दाबत जा. काटा मध्यावर आला, की पॉइंट उघडले. डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकदाच, पूर्ण, मनापासून मारा. घाईघाईच्या दहा किकांना ती दाद देत नाही. या एकीला देते.

राग लपवणं तिला जमत नाही. कुणीतरी हौसेनं 35 वॅटच्या जागी 100 वॅटचा दिवा बसवला, म्हणजे तीन अँपियरच्या घरात आठांहून जास्त खाणारं माणूस आणलं. ती महिनाभर काटा उण्याकडे टाकून हिंडली आणि एका रात्री बॅटरी बसली. जुना दिवा परत आला तशी आठी गेली.

नटण्याची हौस मात्र दांडगी. मागच्या उन्हाळ्यात चेसीसकट रंग झाला. पेरूखाली अशी चमकत उभी राहिली की येणारा-जाणारा थांबायचा. पावसाळा लागला आणि रुसवा सुरू झाला. हॉर्न घोगरा, दिवा पिवळा, काटा अधिककडे जेमतेम. सगळ्यांनी बॅटरीवर बोट ठेवलं. नवी बॅटरी आली, आठ दिवसांत तीही सुस्तावली. मग रेक्टिफायर बदलायची भाषा सुरू झाली.

सुपेल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पाना हातातच घेतला नाही. "भैया, पहले अर्थ देखो," एवढंच म्हणाला आणि मल्टीमीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं. वेग दिल्यावर 14 च्या आसपास जायला हवं, ते 13 सुद्धा गाठेना. मग इंजिन बंद, हेडलाइट चालू, मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसला एक व्होल्ट. दिव्याच्या वाट्याचा एवढा व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होता.

चेसीसवरचा अर्थचा बोल्ट सोडला तर वायरीच्या थिंबलखाली नवाकोरा रंग, गुळगुळीत आणि तकतकीत! वीज जायची ती बोल्टच्या गंजक्या आट्यांतून, चेंगरत. तिच्या रुसव्याचा अर्थ त्या अर्थच्या वायरीतच होता. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून धातू उघडा केला, दातेरी वायसर घातला, आवळलं आणि वरून व्हॅसलीन फासलं. दहा मिनिटांचं काम. आरशात न दिसणाऱ्या नाण्याएवढ्या जागेचा रंग तिनं सोडला आणि नव्या बॅटरीला अन्न मिळू लागलं.

आता रात्री पॉवर हाउस स्टेशनकडून परतताना बघा. सिग्नलला दिवा लावून उभी असते तेव्हा काटा थोडा उण्याकडे झुकून बारीक थरथरत असतो. त्यात काळजीचं काही नाही, हळू चालताना ती साठवलेलं खाते. रस्ता मोकळा झाला, थ्रॉटल उघडला, की काटा शून्य ओलांडून अधिककडे जातो. वळताना इंडिकेटर दिलात तर त्याच्या तालावर मान डोलावतो.